पंडिता रमाबाई : एका विधवेचें व्रत

देहू हें गांव ठाऊक नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. पुणें जिल्ह्यांत इंद्रायणीच्या कांठीं वसलेल्या या गांवीं सतराव्या शतकांत तुकाराम महाराज राहिले, आणि दर वर्षीं ज्येष्ठ वद्य सप्तमीस त्यांची पालखी येथूनच पंढरपुराकडे निघते. आज या गांवाच्या एका बाजूस पिंपरी-चिंचवडचे व दुसऱ्या बाजूस चाकणचे कारखाने उभे आहेत, तरी पालखीची वाट चालूच आहे. त्या वाटेनें डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ज्या बाया चालतात त्यांत कित्येक विधवाही असतात. खुद्द तुकोबांच्या घरीं त्यांच्या मागें त्यांची पत्नी जिजाबाई विधवा राहिली. धाकटा मुलगा नारायण तर बापाच्या मागून जन्मला, आणि त्यानेंच पुढें पालखीची चाल सुरू केली असें सांगतात.

वाचकहो, विधवेनें कोठें जावें, कोणाच्या आधारानें राहावें, हा प्रश्न देहूच्या एका घराचा नाहीं. तो प्रत्येक गांवाचा आहे, प्रत्येक धर्माच्या लोकांचा आहे, आणि आपल्या लहान लहान मंडळ्यांचाही आहे. या प्रश्नाचें उत्तर जिनें आपल्या आयुष्यानें दिलें अशा एका बाईचें चरित्र आज सांगावयाचें आहे. देहूवरून वाहणारी इंद्रायणी तुळापुराजवळ भीमेस मिळते, आणि ती भीमा पुढें दौंड तालुक्याच्या कडेनें वाहत जाते. त्याच तालुक्यांत केडगांव आहे, व केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे.

परंतु रमाबाईंची गोष्ट नीट समजावी म्हणून आधीं दूरच्या एका विधवेची गोष्ट थोडक्यांत सांगतों. देहूस तुकोबा राहत होते त्याच काळांत फ्रान्स देशांत झान द शांताल या नांवाची एक सरदारघराण्यांतील बाई होती. तिचा जन्म १५७२ सालीं दिजाँ शहरीं झाला. वयाच्या विसाव्या वर्षीं तिचें लग्न शांतालच्या सरदाराशीं झालें. १६०१ सालीं शिकारींत चुकून गोळी लागून तिचा नवरा मरण पावला, आणि चार लेंकरें पदरीं असलेली ही बाई ऐन तारुण्यांत विधवा झाली. पुढें फ्रान्सिस द साल या बिशपाच्या सल्ल्यानें तिनें संसार सोडून जोगीण होण्याचा निश्चय केला. १६१० सालीं ती घर सोडून निघाली तेव्हां तिचा मुलगा उंबऱ्यावर आडवा पडला; त्याला ओलांडून आई बाहेर पडली. आनसी गांवीं तिनें जो बायांचा मठ स्थापिला, त्यांतील भगिनींनीं घरोघरीं जाऊन आजाऱ्यांची व गरिबांची सेवा करावी असा मूळ हेतु होता. पण लियाँच्या आर्चबिशपास तें मान्य झालें नाहीं. जोगिणींनीं भिंतीआडच राहिलें पाहिजे असा त्याचा आग्रह पडला, आणि कांहीं वर्षांतच मठाचीं दारें बंद झालीं. बाईनें तो हुकूम मानला. १६४१ सालीं ती वारली तेव्हां तिच्या पंथाचे ऐंशींहून अधिक मठ झाले होते, आणि १७६७ सालीं रोमन मंडळीनें तिला संतपद दिलें.

या बाईची भक्ति व तिचा त्याग यांविषयीं आपल्या मनांत आदरच असावा. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या हातांनीं तिला आश्रय दिला तेच हात तिच्या कामाचें दारही बंद करूं शकले. आश्रय देणें आणि सत्ता चालविणें या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ असतात हें येथें दिसतें. आमच्या रमाबाईंपुढें अडीचशें वर्षांनीं हाच पेंच उभा राहिला, आणि त्यांनीं त्यांतून निराळी वाट काढली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. हें ठिकाण आतां कर्नाटकांत येतें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे विद्वान. तरुणपणीं पुण्यास शिकत असतां पेशव्यांच्या वाड्यांत राणीसाहेब संस्कृत शिकतात हें त्यांनीं पाहिलें, आणि आपल्याही बायकोस शिकवावयाचें असें मनाशीं ठरविलें. पहिल्या पत्नीच्या मागें त्यांनीं लक्ष्मीबाई नांवाच्या लहान मुलीशीं लग्न केलें व तिला संस्कृत शिकविलें. यावरून गांवकऱ्यांनीं व शास्त्रीमंडळींनीं गिल्ला केला, तेव्हां शास्त्रीबोवांनीं उडुपीस पंडितांच्या सभेंत शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडली. पण लोकांच्या बोलण्यास कंटाळून ते रानांतच घर बांधून राहिले. त्या रानांत लक्ष्मीबाईंनीं आपल्या धाकट्या लेंकीस पहांटे मांडीवर घेऊन श्लोक पाठ म्हणावयास शिकविलें. रमाबाईंची विद्या ही अशी आईच्या तोंडून आलेली विद्या होती.

शास्त्रीबोवांच्या घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांस अन्नाची मनाई नव्हती. त्यांत पैसा संपला, कर्ज झालें, व सारें कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघालें. देवळांत, नदीच्या घाटावर, झाडाखालीं पुराण सांगावें आणि श्रोते जें देतील त्यावर राहावें, असा क्रम अनेक वर्षें चालला. रमाबाई या अशा रीतीनें जन्माच्या वारकरी होत्या. त्यांचें बालपण एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास पायीं जाण्यांत गेलें. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. अंगमेहनतीचें काम कोणास शिकविलेलें नव्हतें, आणि भीक मागावयाची लाज वाटे. भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं, झाडाचा पाला खाण्याची वेळ आली. १८७४ सालीं अंध झालेले वडील वारले. थोड्याच दिवसांनीं आईही गेली. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास चार ब्राह्मण मिळेनात. दोघे कसेबसे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळें खांदा पुरेना, म्हणून आईची तिरडी त्यांनीं डोक्यावर घेतली. श्मशान दूर होतें. सोळा वर्षांच्या त्या मुलीनें तेथवर तो भार वाहिला. नंतर थोरली बहीण कृष्णाबाई हीही मरण पावली.

राहिलीं दोघें भावंडें. तीं अनवाणी चालत उत्तरेकडे गेलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत पांघरूण नव्हतें, तेव्हां त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, त्यांत निजून वर कोरडी वाळू ओढून घेतली, आणि अशा रीतीनें रात्री काढल्या. व्रतें केलीं, क्षेत्रें केलीं, दानधर्म केला, तरी देवानें आपली हांक कां ऐकली नाहीं, हा प्रश्न त्यांच्या मनांत याच काळांत रुजला. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांची ही मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हें पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनीं तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या तिला दिल्या. काल ज्यांस खांदेकरी मिळत नव्हते त्यांस आज सभेंत मानाचें आसन मिळालें.

१८८० सालीं भाऊ श्रीनिवास डाक्क्यास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. नवरा ब्राह्मण नव्हता. विवाह नोंदणीपद्धतीनें झाला. दोघांचा संसार आसामांत सिल्चर येथें मांडला गेला. तेथें नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाचें एक लहानसें बंगाली पुस्तक त्यांस सांपडलें, आणि ख्रिस्ताची ओळख प्रथम तेथें झाली. १८८१ च्या एप्रिलांत मुलगी झाली; तिचें नांव मनोरमा ठेविलें. पण हें सुख फार दिवस टिकावयाचें नव्हतें. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं नवरा पटकीनें वारला. आई नाहीं, बाप नाहीं, भाऊ नाहीं, बहीण नाहीं, जातीचा आसरा नाहीं, आणि मांडीवर दहा महिन्यांची लेंक : अशा स्थितींत तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. उच्च कुळांतील विधवेची त्या वेळची स्थिति आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेली आहे. केशवपन, एकभुक्त, अंधाऱ्या माजघरांतील कोपरा, लग्नकार्यांत तोंड न दाखविणें, आणि नवऱ्यास हिनेंच खाल्लें हा घरच्यांचा शब्द. आठ-दहा वर्षांच्या मुलींवरही हा प्रसंग येई. रमाबाई विदुषी होत्या म्हणून त्यांस हें सारें भोगावें लागलें नाहीं. पण आपण सुटलों म्हणजे झालें, असें त्यांनीं मानलें नाहीं. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. स्त्रियांसाठीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि सरकारनें नेमलेल्या हंटर कमिशनापुढें साक्ष देऊन बायांसाठीं शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची किती गरज आहे तें सांगितलें.

पुण्यास त्यांची ओळख सेंट मेरी पंथाच्या भगिनींशीं झाली. हा इंग्लंडच्या मंडळींतील जोगिणींचा पंथ असून त्याचें मुख्य घर वाँटेज गांवीं होतें. या भगिनी लग्न करीत नाहींत, स्वतःची मालमत्ता ठेवीत नाहींत, वडील भगिनीच्या आज्ञेंत राहतात, आणि शिक्षण व सेवा यांत आयुष्य घालवितात. त्यांच्या मदतीनें १८८३ सालीं रमाबाई वैद्यकी शिकावयास म्हणून इंग्लंडांत गेल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नांवाची मैत्रीण होती. परक्या देशांत या मैत्रिणीचें मन फिरलें, आणि तिनें वाँटेज येथेंच आत्मघात केला. रमाबाईंच्या जिवास हा घाव फार खोल बसला.

लवकरच वाँटेजच्या भगिनींनीं त्यांस लंडनजवळ फुलम येथील आपलें एक घर दाखविलें. ज्या बायांस जगानें वाईट म्हणून टाकून दिलें होतें त्यांस तेथें आईच्या मायेनें सांभाळीत असत. आपल्या देशांत अशा बाईस दारांतही उभें करीत नाहींत, मग हीं माणसें तिला कां पोटाशीं धरतात, असें रमाबाईंनीं विचारलें. भगिनीनें त्यांस शोमरोनी बाईची विहिरीवरची गोष्ट वाचून दाखविली. त्या दिवशीं रमाबाईंस कळलें कीं पतित बाईस उठवून उभें करणारा कोणी आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला.

आतां सर्वांस वाटलें असेल कीं ही विधवा आपल्यांतीलच एक होऊन मठांत राहील. पुष्कळ गोष्टी त्या दिशेनें होत्याच. त्या पांढरें वस्त्र नेसत, केस आंखूड ठेवीत, मांसमत्स्य शिवत नसत, दागिना वापरीत नसत. व्रतस्थ जीवनास जें लागतें तें सारें त्यांच्यापाशीं होतें. एकच गोष्ट नव्हती. आपली विवेकबुद्धि दुसऱ्याच्या हातीं देण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांचें त्यांवर प्रेम होतें, आणि रमाबाईंसही त्यांजविषयीं आदर होता. परंतु गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कां असावीं, आपल्या संस्कृतांत तें लिहितां येत नाहीं काय, येथपासून तों त्रैक्याचें मत व मंडळीचे नियम येथपर्यंत प्रत्येक गोष्टीचें कारण त्या विचारीत. चेल्टनहम येथील मुलींच्या कॉलेजांत त्या शिकत असतां त्यांनीं पुरुषविद्यार्थ्यांसही शिकवावें असा विचार निघाला. त्यावर हिंदुस्थानांतील बिशपांचें मत मागविण्यांत आलें, आणि अशानें तिच्या देशांत तिचें नांव जाईल असें सांगून त्यांनीं नकार दिला. रमाबाईंस याचें फार दुःख झालें. आपल्या देशांत हजारों पुरुषांपुढें आपण भाषणें केलीं. आपल्या वडिलांनीं आपल्यास जें स्वातंत्र्य दिलें तें ख्रिस्ती झाल्यावर कमी कां व्हावें, असा त्यांचा सवाल होता. ख्रिस्ताची आज्ञा मानीन, परंतु मनुष्याची आज्ञा ती त्याचीच आहे अशी खात्री झाल्याखेरीज मानणार नाहीं, हें त्यांनीं नम्रपणें पण ठामपणें कळविलें.

वाचकहो, येथें कोणास कृतघ्नपणा दिसेल. ज्यांनीं अन्न दिलें, विद्या दिली, लेंकरूं सांभाळलें, त्यांचें ऐकूं नये काय? उपकार घेतला त्यानें मान तुकवावी, ही आपल्या खेड्यांतील रीतच आहे. पण रमाबाईंनीं उपकार कधीं नाकारला नाहीं. त्यांनीं भगिनींशीं नातें तोडलें नाहीं. अमेरिकेंत असतां मनोरमेस कांहीं काळ त्यांनीं वाँटेजच्या हवालीं ठेविलें. झान द शांताल मुलाला ओलांडून गेली, आणि रमाबाईंनीं मुलीला समुद्रापलीकडे ठेविलें; दोन्ही आयांचें काळीज किती तुटलें असेल तें आई असेल तिनें जाणावें.

वाढत्या बहिरेपणामुळें वैद्यकी शिकणें रमाबाईंस जमणारें नव्हतें. १८८६ च्या मार्चांत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि पुढें जवळजवळ तीन वर्षें अमेरिकेंत राहिल्या. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें मदत देणारी एक संस्था बॉस्टन शहरीं उभी झाली. १८८९ च्या फेब्रुवारींत त्या मुंबईस परत आल्या, व ११ मार्च रोजीं चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आणिलें.

शारदा सदनाचा नियम असा होता कीं येणाऱ्या विधवेच्या धर्मांत हात घालूं नये. ब्राह्मण मुलींस आपला आचार पाळावयाची मोकळीक होती. येथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला, आणि पुढें ती बाया कर्वे या नांवानें प्रसिद्ध झाली. ती हिंदुच राहिली. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलींत दार उघडें ठेवून करीत, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. कोणास या म्हणावयाचें नाहीं, आलेल्यास जा म्हणावयाचें नाहीं, इतकेंच त्यांचें धोरण होतें. यावरून १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. केसरीनें कडक टीका केली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे जे सुधारक सल्लागार होते त्यांनीं अंग काढून घेतलें. पालकांनीं वीस-पंचवीस मुली परत नेल्या. त्या मुली कोठें गेल्या असतील? बहुतेक त्याच कोपऱ्यांत, जेथून त्या आल्या होत्या.

या भांडणांत विरोधकांच्या बोलण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. विश्वासानें मुली पाठविणाऱ्या आईबापांची भीति खोटी नव्हती. कारण आश्रय देणाऱ्याचा प्रभाव आश्रितावर पडतोच, दार उघडें असलें तरी पडतो. पण दार बंद करावें तर स्वतःचा विश्वास लपवावा लागतो. रमाबाईंनीं दार उघडेंच ठेविलें, आणि त्याची किंमत भरली. याच सुमारास, १८९१ सालीं, त्यांच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला होता. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला पण ख्रिस्त स्वतः आपल्यास मिळाला नव्हता, असें त्यांस कळून आलें. इतके दिवस मतांचा शोध केला, आतां तारणारा सांपडला, असा त्यांचा अनुभव होता. त्यापूर्वीं लोकांच्या टीकेनें त्या खचल्या असत्या. त्यानंतर खचल्या नाहींत.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. लहानपणीं खाल्लेला पाला रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुलींस व तरुण विधवांस फसवून नेणारे लोक दुष्काळाच्या छावण्यांभोंवतीं फिरत होते. त्यांच्या आधीं पोहोंचावयाचें, एवढाच बाईंचा विचार. मळक्या चिंध्यांतील, हाडें दिसणाऱ्या, रोगांनीं पछाडलेल्या अशा सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेग सुरू होता, व इतक्या मुली शहरांत ठेवण्यास सरकारची मनाई झाली. पण केडगांवीं शंभर एकरांची ओसाड जमीन त्यांनीं आधींच घेऊन ठेविली होती. तेथें झोंपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या, झाडें लावलीं. १८९८ सालीं या जागेस मुक्ति हें नांव दिलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां आणखी शेंकडों मुली आल्या, आणि मुक्तींतील कुटुंब दोन हजारांच्या जवळपास गेलें.

येथें जातपात पाहिली नाहीं. ब्राह्मणाची विधवा व कुणब्याची लेंक एका पंगतीस बसल्या. कोणास हातमागावर विणणें, कोणास शिवण, कोणास तेलाचा घाणा, कोणास गाईंचा गोठा, कोणास शेतीचें काम, तर कोणास छापखान्यांत खिळे जुळविणें शिकविलें. आपल्या आईबापांस अंगमेहनत शिकविली गेली नव्हती म्हणून तीं उपाशी मेलीं, ही गोष्ट बाईंच्या मनांत पक्की होती. आंधळ्या मुलींसाठीं निराळें घर काढलें, आणि मनोरमेनें अमेरिकेंत शिकलेली बोटांनीं वाचावयाची लिपि त्यांस शिकविली. म्हाताऱ्यांसाठीं घर झालें. आणि पतित बायांसाठीं कृपासदन उघडलें. फुलमचा तो दिवस येथें फळास आला. जोगिणींनीं जें दाखविलें तें रमाबाईंनीं घेतलें. जें हातीं द्या म्हणून सांगितलें तें दिलें नाहीं. आणि जें घेतलें होतें तें शंभरपटीनें परत केलें.

मुक्तींत कोणास जोगिणीची शपथ नव्हती. लग्न करावयाचें असेल तिनें करावें, शिक्षिका व्हावयाचें असेल तिनें व्हावें, शुभवर्तमान सांगत खेड्यांतून फिरावयाचें असेल तिनें फिरावें. घरची शिस्त मात्र कडक असे. घंटेवर उठणें, घंटेवर काम, घंटेवर प्रार्थना. इतकें मोठें घर त्याशिवाय चालणें शक्य नव्हतें, आणि या घरांत शेवटचा शब्द बाईंचाच असे. सत्तेचा मोह चांगल्या माणसासही सोडीत नाहीं, हें त्या जाणून असाव्यात. म्हणूनच मुलींस स्वतः वाचतां आलें पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. ज्यास वाचतां येतें त्यास दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहावें लागत नाहीं.

या आग्रहांतूनच त्यांचें शेवटचें मोठें काम निघालें. तेव्हां चालू असलेल्या मराठी पवित्र शास्त्राची भाषा संस्कृत शब्दांनीं जड आहे, अशिक्षित बाईस ती कळत नाहीं, असें त्यांस वाटे. संस्कृत मुखोद्गत असलेल्या या पंडितेनें साध्या मराठीसाठीं संस्कृत बाजूस ठेविलें. उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं मूळ ग्रंथांवरून सबंध बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, पानें शिवणाऱ्या सर्व मुक्तींतल्याच बाया. ज्यांस दुष्काळांतून चिंध्यांत गुंडाळून आणिलें होतें, त्यांच्या हातांनीं देवाचें वचन छापलें गेलें.

१९२१ सालीं मनोरमा वारली. शारदा सदनाची धुरा वाहणारी, आपल्या मागें सारें काम संभाळील अशी आशा जिच्यावर होती ती चाळीस वर्षांची लेंक आईच्या आधीं गेली. लहानपणीं आईच्या तिरडीखालीं उभ्या राहिलेल्या रमाबाई म्हातारपणीं लेंकीच्या दुःखाखालींही उभ्याच राहिल्या. भाषांतराचें काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. सबंध ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. केडगांवचें मुक्तिसदन आजही चालू आहे, व तेथें टाकलेल्या मुलींस व निराधार बायांस घर मिळतें.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत विधवा आहेत. कोणाचा नवरा शेतांत सर्पदंशानें गेला, कोणाचा कारखान्यांत, कोणाचा दारूनें. त्यांस आपण धान्य देतों, कपडा देतों, आणि तें योग्यच आहे. पण देतांना आपण काय मागतों याचाही विचार करावा. तिनें आमच्या सांगण्याप्रमाणें बसावें-उठावें, तिच्या लेंकीचें लग्न आम्ही ठरवूं तेथें व्हावें, मंडळीच्या सभेंत तिनें तोंड उघडूं नये, असें तर आपल्या मनांत नसतें ना? जो उपदेशक विधवेस पसाभर जोंधळे देऊन तिची मान विकत घेतो त्यानें दान केलें नाहीं, सौदा केला.

विहिरीवर बसलेल्या प्रभूनें शोमरोनी बाईपाशीं आधीं पाणी मागितलें, मग तिला दिलें. तिला आपल्यामागें बांधून नेलें नाहीं. ती आपली घागर तेथेंच टाकून स्वतःच्या पायांनीं गांवांत गेली, स्वतःच्या तोंडानें बोलली, आणि तिच्या बोलण्यावरून गांव बाहेर आलें. रमाबाईंस फुलमच्या घरांत हीच गोष्ट ऐकूं आली, आणि आयुष्यभर त्यांनीं तिचाच अर्थ करून दाखविला. आपल्या गांवींही एखादी बाई विहिरीपाशीं उभी असेल. तिला पाणी द्यावें, आणि वाट सोडावी.